फायटर-मेजच्या हातात कोणतं शस्त्र? बॉल्डर्स गेट १ आणि २ साठी पॉइंटांचा हिशेब

बॉल्डर्स गेट या कॉम्प्युटर गेममधला माझा पहिला फायटर-मेज, म्हणजे एकाच पात्रात लढवय्या आणि जादूगार, मातीच्या पुतळ्यासमोर मेला. तोपर्यंत गडी झकास चालला होता. हॅल्बर्डमध्ये शस्त्रकौशल्याचे दोन पॉइंट, टू-हँडेड स्वोर्डमध्ये दोन पॉइंट, अंगावर स्टोनस्किन, म्हणजे वार झेलणाऱ्या दगडी कातडीचा मंत्र. समोर क्ले गोलेम आला आणि खालच्या चौकटीत तीच ओळ पुन्हा पुन्हा उमटायला लागली : तुझ्या माराचा याच्यावर काही परिणाम नाही. क्ले गोलेमला फक्त बोथट शस्त्र लागतं. माझ्याकडे भोसकायची आणि कापायची शस्त्रं होती, गदा एकही नव्हती, आणि असती तरी तिच्यात पॉइंट नव्हता. स्टोनस्किनचे थर एकेक करून सोलले गेले आणि मग मीही सोलला गेलो.

तोवर मी शस्त्रं निवडली होती ती चित्र बघून आणि नुकसानीचा फासा बघून. या वर्गाचं गणित वेगळं आहे, आणि खेळ ते कुठेच नीट समजावून सांगत नाही. पॉइंट एकदा टाकला की परत घेता येत नाही, म्हणून हा हिशेब सुरुवातीलाच करून ठेवा.

एक खुलासा. मराठीत ‘मेज’ लिहिलं की चार पायांचं लाकडी काहीतरी डोळ्यांपुढे येतं. वर्गाचं नाव म्हणून ‘फायटर-मेज’ ठेवतो, बाकी ठिकाणी जादूगार म्हणतो.

हा लेख बॉल्डर्स गेट (१९९८), बॉल्डर्स गेट २ (२०००), त्याची पुरवणी थ्रोन ऑफ भाल (२००१) आणि या सगळ्यांच्या पुढे आलेल्या एन्हान्स्ड एडिशन यांच्यापुरता आहे. हे सगळे एडी अँड डी (अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतात. २०२३ चा तिसरा भाग पाचव्या आवृत्तीवर आहे. तिथे शस्त्र एकतर येतं किंवा येत नाही, पॉइंट टाकायची भानगडच नाही. तो खेळत असाल तर हे सगळं विसरा. आणखी एक : पहिल्या भागाच्या मूळ आवृत्तीत शस्त्रांचे गट होते, सगळ्या मोठ्या तलवारी एकात वगैरे. एन्हान्स्ड एडिशनमध्ये प्रत्येक शस्त्र वेगळं मोजलं जातं. मी तेच धरून चाललो आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एक कागद. लेव्हल १, ३, ६, ९, १२, १५, १८, २१, २४ अशा ओळी पाडून ठेवा.
- तुम्ही पहिल्या भागापासून सुरू करणार की थेट दुसऱ्यापासून, याचं उत्तर. यावर अर्धा हिशेब बदलतो.
- सोबत कोणाला नेणार याची कच्ची यादी. एकाच शस्त्रावर दोघांचा डोळा असला की वांधे होतात.
- लेव्हल वाढवण्याआधीचा वेगळा सेव्ह. हा नियम मोडू नका.

१. आधी वंश पक्का करा

माणसाला दोन वर्ग एकत्र घेता येत नाहीत. मल्टीक्लास फायटर-मेज हवा असेल तर एल्फ, हाफ-एल्फ किंवा नोम. नोमला साधा जादूगार होता येत नाही, तो इल्युजनिस्ट होतो. त्याला प्रत्येक पातळीला एक मंत्र जादा मिळतो, पण नेक्रोमन्सीचे मंत्र बंद. म्हणजे स्कल ट्रॅप गेला. मला तो सौदा पटतो, काहींना पटत नाही.

शस्त्रांच्या बाजूने बघाल तर एल्फ सरस. लाँग स्वोर्ड, शॉर्ट स्वोर्ड आणि धनुष्यं यांच्यावर त्याला नेम लागायला १ चा फायदा आहे आणि तो शेवटपर्यंत फुकट मिळत राहतो. शिवाय झोप आणि मोहिनीच्या मंत्रांपासून ९० टक्के बचाव. बदल्यात कॉन्स्टिट्यूशन एकाने कमी. अंगावर प्रतिमा आणि दगडी कातडी घेऊन फिरणाऱ्याला तेवढं चालतं.

माणूस घेतलात तर ड्युअल-क्लास : आधी फायटर, मग कायमचा जादूगार. त्यासाठी स्ट्रेंग्थ किमान १५ आणि इंटेलिजन्स किमान १७ लागते. फायदा असा की शुद्ध फायटर एका शस्त्रात पाच पॉइंटपर्यंत जाऊ शकतो. तोटा असा की वर्ग बदलल्यावर, जादूगाराची लेव्हल जुन्या फायटरच्या लेव्हलच्या पुढे जाईपर्यंत तुमचं सगळं लढाईचं कसब कुलूपबंद राहतं. तेवढा काळ डॅगर, क्वार्टरस्टाफ, डार्ट आणि गोफण यांवर भागवायचं. नवख्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं मल्टीक्लासबद्दल.

२. किती पॉइंट मिळणार ते मोजा

मल्टीक्लासला पॉइंट फायटरच्या तक्त्याने मिळतात : सुरुवातीला ४, मग फायटरच्या दर तिसऱ्या लेव्हलला १. पण अनुभवाचे गुण दोन वर्गांत अर्धे अर्धे वाटले जातात, त्यामुळे तुमची लेव्हल एकट्या फायटरपेक्षा मागे राहते. खेळाने घातलेल्या मर्यादेपर्यंत गेलात तर हिशेब असा :

- पहिला भाग, मर्यादा १,६१,००० : फायटर ७, जादूगार ७. एकूण पॉइंट ६.
- दुसरा भाग, मर्यादा २९,५०,००० : फायटर १३, जादूगार १३. एकूण पॉइंट ८.
- थ्रोन ऑफ भालसह, मर्यादा ८०,००,००० : फायटर २४, जादूगार २०. एकूण पॉइंट १२.

नीट बघा. पहिला भाग संपताना सहा असतात, आणि अख्खा दुसरा भाग संपेपर्यंत त्यात फक्त दोनाची भर पडते. शेवटचे चार येतात तेव्हा खेळ संपत आलेला असतो. म्हणजे खरा संसार आठ पॉइंटांतच करायचा आहे.

थेट दुसऱ्या भागातून सुरुवात केली तर ८९,००० गुणांवर पात्र तयार होतं, म्हणजे फायटर ६ आणि जादूगार ६. सहा पॉइंट एकदम हातात पडतात. इथेच लोक वाहवत जातात.

३. एका शस्त्रात दोनच

मल्टीक्लासला एका शस्त्रात दोनपेक्षा जास्त पॉइंट टाकताच येत नाहीत. लढाईच्या शैलीत मात्र त्या त्या शैलीच्या मर्यादेपर्यंत जाता येतं.

पहिला पॉइंट म्हणजे शस्त्र वापरता येणं. पॉइंट नसेल तर फायटरच्या तक्त्याने नेमात २ चा तोटा होतो. हे वाटतं तेवढं भयंकर नाही. एकट्या जादूगाराला तो तोटा ५ चा असतो.

दुसरा पॉइंट मात्र सोन्याचा. नेमाला १, नुकसानीला २, आणि दर राऊंडला अर्धा वार जादा. अर्धा वार म्हणजे दोन राऊंडांत एक वार. एक राऊंड सहा सेकंदांचा. नुकसानीचे २ सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात. खरी कमाई या अर्ध्या वाराची आहे, ते पुढच्या पायरीत कळेल.

४. वार मोजायला शिका

जादूगाराचे मंत्र तुम्हाला वाचवतात आणि तुमचे वार वाढवतात. एका वाराचं नुकसान किती, यापेक्षा सहा सेकंदांत वार किती, हा या वर्गाचा प्रश्न. फायटर १३ झाल्यावरची बेरीज कागदावर मांडून बघा :

मूळ वार १. शस्त्रात दुसरा पॉइंट, म्हणून अर्धा. फायटरच्या ७ व्या लेव्हलला अर्धा, १३ व्या लेव्हलला अर्धा. झाले अडीच. दुसऱ्या हातात शस्त्र असेल तर त्याचा एक. साडेतीन. ते दुसऱ्या हातातलं शस्त्र जर बेल्म असेल, म्हणजे जादा वार देणारी स्किमिटार, तर आणखी एक. साडेचार.

आता सहाव्या पातळीचा इम्प्रूव्हड हेस्ट टाका. तो वार दुप्पट करतो. नऊ.

मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा खालच्या चौकटीतल्या ओळी वाचता येईनात इतक्या भरभर सरकत होत्या. नऊ वारांत प्रत्येकी २ जादा नुकसान म्हणजे १८. फासा दहाचा की आठचा या फरकाने एका वारामागे सरासरी १ पडतो. म्हणून फाशाच्या मागे लागू नका म्हणतो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि ही मला फार उशिरा कळली. दुसऱ्या हातातलं शस्त्र राऊंडला एकच वार करतं. त्यात दोन पॉइंट टाकले तरी त्याचा वार वाढत नाही. आणि बेल्मचा जादा वार मिळतो तो उजव्या हाताला. तेव्हा उजव्या हातातल्या शस्त्राला दोन द्या, डावीकडच्याला एक पुरे.

५. खजिना बघून शस्त्र निवडा

पुस्तकी नियमांत सगळी शस्त्रं समान. खेळात नाहीत. कोणत्या जातीची चांगली जादुई शस्त्रं लवकर सापडतात, यावर निवड करा. दुसऱ्या भागात हे जास्तच लागू पडतं, कारण तिथे बऱ्याच शत्रूंना अमुक एका प्लसच्या (शस्त्राच्या जादूचा आकडा, +१, +२ असा) खालचं शस्त्र लागतच नाही. आयर्न गोलेमला किमान +३ हवं. कांगॅक्स नावाच्या शत्रूचा डेमिलिच झाला की +४ हवं. तुमचा पॉइंट ज्या शस्त्रात आहे त्या जातीत तेवढं भारी काही वेळेत मिळत नसेल, तर तो पॉइंट वाया गेला म्हणायचा.

लाँग स्वोर्ड. पहिल्या भागापासून खेळणाऱ्याला माझं पहिलं उत्तर हेच. नॅश्केलच्या खाणीबाहेर ग्रेवुल्फ नावाचा सुपारी घेतलेला लढवय्या भेटतो, त्याच्याकडे वार्स्कोना आहे : +२ लाँग स्वोर्ड, वर थंडीचं नुकसान. पहिल्या भागात या सुमाराला +२ तलवार म्हणजे चैन. शिवाय या भागात लोखंडाला कीड लागलेली आहे, साधी शस्त्रं ऐन मारामारीत तुटतात. जादुई शस्त्र तुटत नाही.

ग्रेवुल्फ स्वतः मात्र त्या सुमाराला जड जातो. त्याच्याशी समोरासमोर भिडू नका. जादूगाराची ३ री लेव्हल झाली की मिरर इमेज येतो. तो आधी टाका, मगच त्याच्याशी बोलायला जा. तुमच्याभोवती दोन ते आठ प्रतिमा उभ्या राहतात, आणि त्याचा एकेक जबर वार एकेका प्रतिमेवर वाया जातो. मागून सोबत्यांचे बाण चालू ठेवा. प्रतिमा एक उरली की मागे सरा, दुसऱ्या कोणाला तरी पुढे करा. हा वर्ग कसा खेळायचा याचा पहिला धडा मला या खाणीबाहेर मिळाला.

कटाना. दुसऱ्या भागात सेलेस्टियल फ्युरी आहे, +३, शत्रूला बधिर करून टाकणारी. टेंपल डिस्ट्रिक्टमधल्या पहारा असलेल्या घरात कोशी नावाच्या शत्रूकडे ती मिळते. फासा दहाचा, एक हात पुरतो. अप्रतिम शस्त्र आहे. पण ते घर नवख्याला भारी पडतं, आणि व्हॅलिगारला सोबत घेणार असाल तर तोही कटानावालाच आहे. दोघांपैकी एकाला तोंड पाडून बसावं लागेल.

फ्लेल, म्हणजे साखळीला गोळा बांधलेलं शस्त्र. दुसऱ्या भागाची लाडकी. डी’आर्निस कीपमध्ये फ्लेल ऑफ एजेसचे तीन भाग विखुरलेले आहेत, ते तिथल्याच भट्टीवर जोडले की +३ फ्लेल तयार. आग, थंडी आणि आम्ल, तिन्हींचं थोडं थोडं नुकसान, आणि ज्याला लागेल तो मंदावण्याची शक्यता. कीप लवकर गाठता येतं, पैसे पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे शस्त्र बोथट आहे. थ्रोन ऑफ भालमध्ये सेस्पेनार नावाचा छोटा सैतान त्याला आणखी डोकी जोडून देतो, त्यामुळे शेवटपर्यंत साथ.

वॉर हॅमर. पहिल्या भागात बॅसिलस या शत्रूकडे +२ अशिदीना, दुसऱ्या भागात क्रॉमवेल लोहार घडवून देतो तो क्रॉम फेयर, जो हातात घेतला की स्ट्रेंग्थ थेट २५. पण क्रॉम फेयरचे तुकडे जमवता जमवता खेळ निम्म्यापुढे गेलेला असतो. फ्लेल की हॅमर, एकच घ्या.

क्वार्टरस्टाफ. हा आळशी लोकांचा मार्ग, आणि मी हे कौतुकाने म्हणतो. बोथट आहे, लाकडी असल्याने पहिल्या भागात तुटत नाही, आणि दुसऱ्या भागात रिबाल्डच्या दुकानात +४ स्टाफ ऑफ रिन सरळ विकत मिळतो. पुढे स्टाफ ऑफ द मेजाय हाती लागला तर तो फायटर-मेजलाही वापरता येतो, आणि हातात घेताक्षणी अदृश्य करतो. दोन हात अडकतात, त्यामुळे दुसऱ्या शस्त्राचा वार आणि बेल्म दोन्ही गेलं. पण पॉइंट फार थोडे लागतात : स्टाफमध्ये दोन, टू-हँडेड शैलीत एक. या एकाने नुकसान १ ने वाढतं आणि १९ पडला तरी निर्णायक वार लागतो.

टू-हँडेड स्वोर्डबद्दल विचारणारे बरेच असतात, कारण बडबड करणारी लिलार्कॉर सगळ्यांना आवडते. मलाही आवडते. पण ती सोबत्यांपैकी मिन्स्क किंवा केल्डॉर्नच्या हातात द्या. त्यांना अंगावर काही मंत्र घ्यायचे नसतात, आणि बोलायला सोबतही हवीच असते.

६. बोथट शस्त्राला एक पॉइंट राखून ठेवा

क्ले गोलेमची गोष्ट वर आलीच. पहिल्या भागातल्या सांगाड्यांवरही तलवारीपेक्षा बोथट शस्त्र जास्त चालतं. आठ पॉइंटांतला किमान एक बोथट शस्त्रासाठी, हा माझा न मोडायचा नियम आहे.

‘सोबती बघून घेतील की’ असं वाटेल. सोबती मरतात.

७. दुसऱ्या हाताचं काय?

ढाल घेता येते, आणि ढाल घेऊन मंत्रही टाकता येतात. चिलखत घातलं की मात्र मंत्र बंद, अपवाद फक्त एल्व्हन चेनचा. हा नियम अंगवळणी पडेपर्यंत माझं एक भारी चिलखत उगाच थैलीत फिरत होतं.

मी दोन शस्त्रांच्या बाजूचा आहे. पण शैलीत पॉइंट नसताना दोन शस्त्रं धरली तर उजव्या हाताला नेमात ४ आणि डाव्याला ८ चा तोटा आहे. पहिल्या लेव्हलला असं केलंत तर तुम्ही फक्त हवा कापाल. टू-वेपन शैलीत दोन पॉइंट पडले की उजव्या हाताचा तोटा संपतो, डाव्याचा ४ वर येतो. तिसरा पॉइंट डाव्याचा आणखी दोनाने कमी करतो, एवढंच.

म्हणजे तिसरा पॉइंट एका हाताच्या एका वारासाठी आहे. लोक तो आधी टाकून मोकळे होतात, कारण चौकट अर्धवट भरलेली बघवत नाही. मी तो सगळ्यात शेवटी टाकतो.

शैलीत दोन होईपर्यंत एक शस्त्र आणि ढाल घेऊन खेळा. स्वोर्ड अँड शील्ड शैलीत पॉइंट टाकायची गरज नाही, ढाल त्याशिवायही काम करते.

८. धनुष्य : किती आणि कधीपर्यंत

पहिल्या भागात धनुष्य राजा आहे. राऊंडला थेट दोन बाण. सुरुवातीच्या लेव्हलना तुमच्याकडे प्राण (हिट पॉइंट) फारसे नसतात (फायटर आणि जादूगार यांची सरासरी पडते), मिरर इमेज नसतो, स्टोनस्किन तर जादूगाराच्या ७ व्या लेव्हलला येतो, म्हणजे पहिला भाग संपता संपता. तोवर लांबून मारा.

फक्त पहिला भागच खेळणार असाल तर लाँग बोमध्ये बिनधास्त दोन टाका. दुसऱ्या भागात तेच पात्र नेणार असाल तर एकावर थांबा. एकदा दगडी कातडी मिळाली की तुम्ही पुढच्या रांगेतले, आणि धनुष्य पाठीवरून खाली उतरत नाही. शिवाय डाव्या हातात शस्त्र किंवा ढाल असताना धनुष्य चालत नाही, ते आधी काढावं लागतं. ऐन धुमश्चक्रीत हे करून बघा म्हणजे माझं म्हणणं पटेल.

९. कागदावर उतरवा

एल्फ, पहिल्या भागापासून थ्रोन ऑफ भालपर्यंत, माझा नेहमीचा क्रम :

- लेव्हल १ : लाँग स्वोर्ड २, लाँग बो १, फ्लेल १.
- लेव्हल ३ आणि ६ : टू-वेपन शैलीत एकेक.
- लेव्हल ९ : स्किमिटार १. दुसऱ्या भागात ड्रुइड ग्रोव्हमध्ये बेल्म आहे, त्यासाठी.
- लेव्हल १२ : फ्लेलचा दुसरा पॉइंट. आता फ्लेल उजव्या हातात.
- लेव्हल १५ : टू-वेपनचा तिसरा.
- लेव्हल १८ पासून पुढे : कटानात दोन, किंवा हाताशी जे सापडलं असेल त्यात.

पहिल्या भागात चांगली फ्लेल नसते, हे खरं. तिथे तो पॉइंट सांगाड्यांपुरता आहे, खरा वसूल दुसऱ्या भागात होतो. ९ व्या लेव्हलआधीच बेल्म मिळाली तरी डाव्या हातात धरा. डाव्या हाताचा नेम चुकला तर चुकू दे, उजव्याला जादा वार मिळतोच.

थेट दुसऱ्या भागातून सुरुवात असेल तर धनुष्य वगळा : फ्लेल २, टू-वेपन २, स्किमिटार १, आणि उरलेला एक लाँग स्वोर्ड किंवा कटानात. ९ ला त्याच तलवारीचा दुसरा. १२ ला तुमची मर्जी.

१०. हमखास होणाऱ्या गफलती

*चार शस्त्रांत एकेक पॉइंट.* सगळं येतं, धड काहीच येत नाही. अर्धा वार दुसऱ्या पॉइंटाला आहे. आधी एक शस्त्र दोनवर न्या, मग पसरा.

*मंत्र विसरून तलवार उपसणं.* स्टोनस्किन बराच काळ टिकतो, तो झोपून उठल्या उठल्या टाकायचा, शत्रू दिसल्यावर नाही. लढाईच्या तोंडावर मिरर इमेज, मग शक्य असेल तर इम्प्रूव्हड हेस्ट, मग पाय उचला. वार बसला की मंत्र तुटतो, म्हणून शत्रूच्या कुशीत उभं राहून मंत्र म्हणायला जाऊ नका.

*टेन्सर्स ट्रान्सफॉर्मेशनचा मोह.* वर्णन वाचून वाटतं, हा मंत्र आपल्यासाठीच लिहिलाय. तो जादूगाराला लढवय्या बनवतो, आणि तेवढा वेळ मंत्र टाकता येत नाहीत. तुम्ही आधीच लढवय्ये आहात! त्या जागी दुसरा इम्प्रूव्हड हेस्ट शिकून ठेवा.

*सगळी साधी शस्त्रं विकून टाकणं.* दुसऱ्या भागात ही चूक मी दोनदा केली. शत्रू जादूगार प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स टाकतो, आणि तुमचं +३ फ्लेल त्याला स्पर्शही करत नाही. चार राऊंड तो तुमच्यासमोर उभा राहून निवांत मंत्र म्हणतो. हा मंत्र अडवतो फक्त जादुई शस्त्रं. तुमचे दोन पॉइंट ज्या जातीत आहेत तिचंच एक साधं, बिनजादूचं शस्त्र दुसऱ्या क्विक स्लॉटमध्ये (झटकन शस्त्र बदलायच्या चौकटीत) ठेवा. दुकानातली सगळ्यात स्वस्त लाँग स्वोर्ड चालते. त्याचा मंत्र लागला की स्लॉट बदला आणि चालू ठेवा. त्याच्या अंगावरचा स्टोनस्किन आधी सोलावा लागेल, पण राऊंडला चार-पाच वार करणाऱ्याला ते फार वेळ पुरत नाही.